दऱ्या, दर्या आणि अकरा प्रेक्षक

मागच्या वर्षी एका ऑनलाइन मुलाखतीत समोरच्याने सांगितलं, "कोड लिहिताना मनात काय चाललंय ते बोलत राहा." प्रश्न अवघड नव्हता. एकट्याने बसलो असतो तर अर्ध्या तासात सोडवला असता. पण बोलत राहा म्हटल्यावर माझा विचारच थांबला. मीटिंगमध्ये मी इंग्रजी बरं बोलतो, कारण ती वाक्यं आधीच तयार असतात. विचार करताना वाक्य तयार नसतं. बराच वेळ नुसता कर्सर लुकलुकत राहिला आणि मग हेडफोनमध्ये आवाज आला, "आर यू देअर?"

ती नोकरी गेली. राग आला तो मात्र स्वतःच्या गप्प बसण्याचा. त्यावर उपाय म्हणून मी लाइव्ह कोडिंग सुरू केलं. म्हणजे आपली स्क्रीन इंटरनेटवर थेट दाखवायची, कोड लिहायचा आणि लिहिताना बोलायचं. ही कल्पना माझी नाही. केसी मुराटोरी या अमेरिकन प्रोग्रामरने नोव्हेंबर २०१४मध्ये 'हँडमेड हीरो' नावाचा आख्खा गेम ट्विचवर लोकांसमोर शून्यापासून लिहायला घेतला होता. त्याचे जुने भाग बघताना मला गेमपेक्षा त्याच्या चुका जास्त आवडायच्या. चुकला की तो सरळ 'चुकलं' म्हणायचा आणि पुढे जायचा.

सामानाची गोष्ट आधी सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. पहिला माइक घेतला तो कंडेन्सर होता. फार संवेदनशील. त्यात माझ्या आवाजाबरोबर पंखा, खिडकीतली कबुतरं आणि शेजारच्या काकूंच्या कुकरच्या शिट्ट्याही स्पष्ट ऐकू यायच्या. तो विकून जुना डायनॅमिक माइक घेतला. तो तोंडाजवळ धरावा लागतो, पण लांबचे आवाज फारसे पकडत नाही. खोलीत आवाज घुमायचा, म्हणून भिंतीवर आजीची गोधडी टांगली. प्रेक्षकांना वाटतं सजावट आहे.

स्ट्रीमसाठी ओबीएस वापरतो. फुकट आहे आणि मुक्त स्रोत आहे. सुरुवातीला कोड कंपाइल करायला लावला की चित्र अडखळायचं, कारण व्हिडिओ तयार करण्याचं कामही प्रोसेसरवरच होतं. ते ग्राफिक्स कार्डाकडे दिलं आणि अडखळणं थांबलं. इंटरनेटच्या जाहिरातीत डाउनलोडचा वेग असतो, आपल्याला लागतो अपलोडचा, आणि तोही न डगमगणारा. म्हणून वायफाय सोडून दाराच्या चौकटीवरून चिकटपट्टीने लांब केबल आणली. राउटरला छोटा यूपीएस लावला. आणि अक्षरं मोठी ठेवली, कारण बघणारे बहुतेक जण फोनवर बघतात.

ओबीएसमध्ये मी तीन दृश्यं करून ठेवली आहेत : 'कोड', 'फक्त चेहरा' आणि 'थांबा, चहा'. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. पासवर्ड किंवा गुप्त की असलेली फाइल उघडायच्या आधी ते लावायचं. एकदा दोन सेकंद उशीर झाला आणि एका सेवेची की सगळ्यांना दिसली. अशा वेळी रेकॉर्डिंग पुसून भागत नाही, बघणाऱ्याने बघितलेलं असतं. की तिथल्या तिथे रद्द करून नवी घ्यावी लागते. ती घेताना हात थरथरत होते आणि तेही कॅमेऱ्यात दिसत होतं.

पहिले सहा स्ट्रीम मी इंग्रजीत केले. दोन-तीन प्रेक्षक असायचे, त्यातला एक माझाच दुसरा फोन. काही दिवसांनी लक्षात आलं की मी फसवतोय. प्रश्न आदल्या रात्रीच सोडवून ठेवायचो आणि स्ट्रीमवर आत्ता सुचल्यासारखा चेहरा करायचो. सातव्या वेळी एक गोष्ट खरंच अडली आणि वैतागून तोंडातून निघालं, "अरे पण हा रिकामा का येतोय?" चॅटमध्ये कोणीतरी विचारलं, "मराठी?" तेव्हापासून मराठी. फंक्शन फंक्शनच राहिलं, लूप लूपच राहिलं, पण ती 'गंडतात' मराठीतच.

बाबा मिरजेला असतात. निवृत्त गणित शिक्षक. आठवड्यातले तीन दिवस एका लहान वाचनालयात बसतात. तिथल्या पुस्तकांची यादी एका स्प्रेडशीटमध्ये होती, वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या लोकांनी भरलेली. मी म्हटलं, तुम्हाला शोधयंत्र करून देतो. स्ट्रीमलाही विषय मिळाला. ते चालू केल्यावर बाबांचा फोन आला, "दऱ्या शब्द टाकला तर तीनच पुस्तकं दाखवतंय. कपाटात सात आहेत."

त्या गुरुवारी हेच घेऊन बसलो. अकरा प्रेक्षक होते. स्क्रीनवर दोन 'दऱ्या' शेजारी शेजारी ठेवले. हुबेहूब सारखे. संगणक म्हणत होता, वेगळे आहेत. माझा पहिला अंदाज : युनिकोडमध्ये ऱ हे एकच चिन्ह म्हणूनही लिहिता येतं, आणि साधा र अधिक नुक्ता असंही. दोन्ही रूपं एकसारखी करणारं नॉर्मलाइज नावाचं तयार फंक्शन असतं. ते लावलं. चार निकाल आले. तीन पुस्तकं अजून गायब.

पुढचा दीड तास मी डेटाबेसवर संशय घेतला, मग स्वतःवर. कॅमेऱ्याचा छोटा लाल दिवा तेवढा स्थिर होता. शेवटी एकाने लिहिलं, "दादा, दोन्हींची लांबी छापून बघा." छापली. एकाची पाच, दुसऱ्याची सहा. कुठेतरी एक चिन्ह होतं जे दिसत नव्हतं.

ते निघालं झिरो विड्थ जॉइनर. र, मग हलन्त, मग हे शून्य रुंदीचं चिन्ह असं टाकलं तरी आपला कोयत्यासारखा अर्धा र उमटतो. काही जुन्या टायपिंग साधनांतून तसं लिहिलं जायचं. बाबा इनस्क्रिप्टवर लिहितात, तिथे ऱ साठी वेगळी कळ आहे. त्यामुळे त्यांना ते शोधत तेव्हा ही जुनी नोंद सापडत नव्हती. नॉर्मलाइजही या दोन रूपांना एक मानत नाही.

मी खुशीत म्हणालो, "सोपं आहे, न दिसणारी चिन्हं सगळी काढून टाकू." काढली आणि चालवलं. पडद्यावर आलं : दर्या.

ते चिन्ह काढल्यावर र वर चढला, रफार झाला आणि दऱ्यांचा समुद्र झाला. चॅटमध्ये काही सेकंदांनी हसणं सुरू झालं, कारण स्ट्रीम त्यांच्यापर्यंत थोडी उशिराच पोहोचते. तेवढ्यात एका अनोळखी नावाने लिहिलं, "सह्याद्रीत पाणी शिरले." त्या पूर्ण वाक्यानंतरच्या पूर्णविरामावरून मी ओळखलं. बाबा पहिल्यापासून बघत होते.

घशाला कोरड पडली. लहानपणी आमच्याच शाळेत, त्यांच्याच तासाला, उत्तर पक्कं असल्याशिवाय मी कधी हात वर केला नव्हता. मास्तरांचा मुलगा चुकला तर कसं दिसेल! आणि आता ते दोन तास माझं न येणं बघत होते. 'थांबा, चहा' हे बटण बोटाखालीच होतं.

दाबलं नाही. "चुकलं," असं म्हणालो आणि चिन्ह नुसतं काढण्याऐवजी र, हलन्त आणि जॉइनर हा तिघांचा गट शोधून त्याजागी ऱ आणि हलन्त ठेवले. हे आधी, नॉर्मलाइज नंतर. शोध घेतला. सात.

रात्री बाबांचा फोन आला. "एवढं चुकून लोकांसमोर बसून राहिलास?" मी काहीतरी सारवासारव करायला लागलो. ते म्हणाले, "नाही रे. तीस वर्षं शिकवलं. फळ्यावर गणित अडलं की मी म्हणायचो, हे घरी करून आणा. मला नसतं जमलं." मग लगेच विचारलं, "ती केबल चौकटीवरून का आणलीस? कोणी अडखळेल."

त्यानंतर दोन मुलाखती झाल्या. एकीत मी आधीच सांगितलं की मी मिनिटभर मराठीत पुटपुटेन आणि मग इंग्रजीत समजावेन. समोरची बाई हसून हो म्हणाली. नोकरी नाही मिळाली, शेवटच्या फेरीत राहिलो. गप्प मात्र बसलो नाही.

गुरुवारी रात्री नऊला अजूनही बसतो. प्रेक्षक दहा-पंधराच असतात. माइक चालू करून आधी नेहमीचं विचारतो, "आवाज येतोय का?" काही सेकंद काहीच होत नाही. मग मिरजेहून उत्तर येतं, "येतोय."