जमैकाची कोंबडी

वेस्ट इंडीज म्हटलं की आमच्या पिढीला दोनच गोष्टी आठवतात. १९७१ सालचा गावसकर आणि १९७६ सालचं जमैकाचं सबायना पार्क, जिथे पाच फलंदाज जायबंदी होऊन आपला दुसरा डाव ९७ धावांवर आटोपला. ही मंडळी खातात तरी काय, हा विचार मात्र टोरंटोहून आलेल्या पुतण्यामुळे पहिल्यांदा मनात आला.

पुतण्या म्हणजे अकोल्याच्या दादांचा मुलगा. दादा आणि मी अकरा वर्षं बोलत नव्हतो. कारण, शेताचा धुरा. तो वीतभर सरकला हे दोघांनाही मान्य. कोणाकडे, एवढाच मतभेद. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला मार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर अंथरून गिनीज बुकात नोंद झाली. आम्हा भावांना त्या रस्त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

"काका, तिकडे जमैकाचे शेजारी आहेत. त्यांनी जर्क चिकन शिकवलं. अकोल्याला आई घरात अंडंही येऊ देत नाही. तुमच्या अंगणात करू?"

गुलामगिरीतून पळून डोंगरात लपलेल्यांनी ही भाजण्याची रीत घडवली म्हणे. मसाल्यात लसूण, आलं, पातीचा कांदा आणि भोपळी मिरचीचं सोंग घेतलेली एक जहाल मिरची. तिच्याऐवजी आपली लवंगी घेतली. थाईम मिळेना, म्हणून हिने ओवा काढून दिला. वास एकाच घराण्यातला. ऑलस्पाइसच्या जागी लवंग, दालचिनी, जायफळ. कोंबडी रात्रभर मुरत ठेवली. तिकडे ऑलस्पाइसच्याच झाडाचं लाकूड जाळतात. आम्ही बाभूळ पेटवली. शेगडी म्हणून कूलरचं स्टॅण्ड. विदर्भात कूलर मरतो, स्टॅण्ड अमर असतं.

संध्याकाळी फाटक वाजलं. दादा!

"पोराले न्यायले आलो," ते जास्वंदीकडे पाहून म्हणाले.

मी पंख्याने वारा घालत होतो. धुराचे लोट उठत होते. दादांनी दोन मिनिटं कसंबसं सहन केलं. उभा जन्म रोडग्यांच्या गोवऱ्या सांभाळलेला माणूस!

"काहून जाळावर धरून रायला बे? करपते ना ते! निखारा पडू दे आधी." आणि पंखा माझ्या हातातून त्यांच्या हातात गेला.

तासाभराने पहिला घास घेतला. सबायना पार्क! कानातून वाफा, नाकातून पाणी. दादांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मीही पुसले. मिरची ओसरली तरी दोघांचंही पुसणं काही थांबेना.

"अगंबाई, काय झालं?" ही धावत आली.

"धूर," दादा म्हणाले.

"धूरच," मी म्हणालो.

अकरा वर्षांत आमचं पहिल्यांदाच एकमत झालं. धुऱ्यावर नाही झालं, धुरावर झालं.