बर्फावर थांबणाऱ्याचा कोट

गोठलेल्या समुद्रावर एक माणूस वाकून उभा आहे. त्याच्या पायाशी बर्फात एक भोक आहे, वरून जेमतेम दिसेल इतकं लहान, त्यावर हिमाचा थर साचलेला. खाली कुठेतरी सील पोहतोय. श्वास घ्यायला त्याला वर यावंच लागतं. पण अशी भोकं त्यानं एक नाही, अनेक राखलेली असतात, आणि यातल्या कुठल्या भोकाशी तो कधी येईल हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून शिकारी थांबतो. तासन्‌तास थांबतो. पायाखाली कातड्याचा तुकडा घेतलेला, कारण बर्फावर बूट करकरला तर पाण्यातल्या सीलला तो आवाज पोचतो. हवा उणे 30 अंश, कधी त्याहूनही खाली. अशात खोकायचं नाही, पाय आपटायचे नाहीत, हात चोळायचे नाहीत.

कॅनडाच्या उत्तरेकडच्या इनुइट लोकांची ही पिढ्यान्‌पिढ्यांची शिकार. या माणसानं अंगात काय घालावं? थंडीच्या कपड्यांबद्दल मला पडणारे सगळे प्रश्न शेवटी या एका प्रश्नापाशी येतात. मी ओटावात राहते. इथे हिवाळा तोंडावर आला की दुकानं कोटांनी भरून जातात आणि कोटांना चिठ्ठ्या लावलेल्या असतात: उणे 20 पर्यंत, उणे 30 पर्यंत. चिठ्ठी हवेबद्दल सांगते, माणसाला मात्र काही विचारत नाही. तुम्ही चालणार आहात की थांबणार आहात? चालणाऱ्याच्या अंगात ऊब सतत तयार होत असते. थोड्या वेळानं तो गळ्याशी चेन सैल करतो. थांबणाऱ्याला आहे तेवढीच ऊब पुरवून वापरायची असते. आपल्याकडे पावसात मेंढरांपाशी उभा असलेला धनगर घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतो, तीही थांबणाऱ्याचीच सोय.

शिकाऱ्याची अडचण अशी, की त्याला एकाच दिवसात चालणाराही व्हावं लागतं आणि थांबणाराही. कुत्र्यांच्या गाडीबरोबर धावायचं, बर्फाच्या उंचवट्यावर गाडी अडली की खांदा लावून ती ढकलायची, आणि मग भोकाशी येऊन निश्चल उभं राहायचं. धावताना आलेला घाम कपड्यात मुरला, तर थांबल्यावर तोच गोठतो. उत्तरेत घामाची भीती थंडीइतकीच असते. नुसता जाड कोट निवडून भागत नाही ते यामुळे.

इनुइटांनी या पेचातून काढलेली वाट कॅरिबूच्या कातड्याची आहे. कॅरिबू म्हणजे उत्तर अमेरिकेतला रानटी रेनडिअर. हिवाळ्यात कोट दोन: आतला केस अंगाकडे करून घालायचा, बाहेरचा केस बाहेर ठेवून. दोन्ही डोक्यातून घालायचे, दोन्हींना हुड शिवूनच घेतलेला. पुढे गुंडी नाही, चेन नाही, त्यामुळे वाऱ्याला शिरायला फट नाही. तरीही कोट अंगाला चिकटून नसतो, चांगला ऐसपैस असतो. सगळी हुशारी त्या ऐसपैसपणात आहे. गरम हवा वर चढते. हुड मागे टाकला की ती गळ्याशी बाहेर पडते आणि खालच्या घेरातून थंड हवा आत येते. हुड पुढे ओढला की ऊब आत कोंडते. डोकं झाकणं हे या हुडाचं एकच काम नाही. अख्ख्या कोटातली ऊब त्याच्यानं कमी-जास्त करता येते. खांदे इतके रुंद बेतलेले असतात की बाहीतून हात आत ओढून घ्यावा आणि बोटं स्वतःच्याच छातीशी शेकावीत. धावायचं असेल तेव्हा बाहेरचा कोट काढून गाडीवर टाकायचा, थांबायची वेळ आली की चढवायचा.

कॅरिबूच्या राठ केसाच्या आत हवेच्या बारीक पोकळ्या असतात, आणि त्या केसांच्या खाली मऊ लोकरीचा दाट थर. हवेइतकं हलकं आणि ऊब धरून ठेवणारं दुसरं अस्तर कुठलं मिळणार? शिवाय केसाळ कातडं आवाज करत नाही. थंडीत ताठरलेलं नायलॉन हात हलवला तरी सळसळतं. इथे ओंटारिओच्या जंगलात हरणाच्या शिकारीला जाणारे लोक झाडावरच्या मचाणावर असेच थांबून असतात, आणि त्यांच्यातले मुरलेले लोक बाहेरच्या थराला लोकर किंवा फ्लीस पसंत करतात ते याच कारणानं. हुडाचा प्रश्न त्यांनाही सुटत नाही. कान झाकले तर जनावराची चाहूल लागत नाही, उघडे ठेवले तर बधिर होतात. आणि डोकं वळवलं पण हुड जागच्या जागी राहिला तर एका बाजूचं जंगल दिसेनासं होतं. दुकानात हुड घालून आरशात पाहण्यापेक्षा मान दोन्हीकडे वळवून पाहावी, असं मला या लोकांमुळे कळलं.

पण खरी निवड दुकानात होतच नाही. इनुइटांचा हिवाळ्याचा कोट ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ठरतो, आणि तो ठरवताना जनावराचं वर्ष पाठ असावं लागतं. वसंतात कॅरिबू मारला तर त्याच्या पाठीच्या कातड्याला भोकंच भोकं असतात, कारण एका जातीच्या माशीच्या अळ्या त्याच्या कातडीखाली वाढून तेव्हा बाहेर पडतात. कडक हिवाळ्यातलं कातडं घ्यावं तर केस लांब आणि जड झालेले; ते अंथरायला उत्तम, अंगात घालायला बोजड. उन्हाळा सरताना मात्र भोकं भरून आलेली असतात आणि नवे केस नेमक्या लांबीचे असतात. हे दिवस थोडे. तेवढ्यात घरातल्या प्रत्येकाची कातडी जमवायची. त्यातही मादीचं पातळ कातडं आतल्या कोटाला, वासराचं लहान मुलांना, पायांवरचं आखूड केसांचं चिवट कातडं बुटांना आणि हातमोज्यांना. एका माणसाला नखशिखान्त कपडे करायचे तर अशी कितीतरी कातडी लागतात. म्हणजे सीलची शिकार करायची असेल तर त्याआधी कॅरिबूची शिकार साधलेली हवी, आणि ती ऐन मोसमात.

मग शिवण. कातडी खरवडायची, ओलवायची, ताणायची, पुन्हा खरवडायची, हाताखाली मऊ होईपर्यंत. कापायला बायकांची अर्धगोल पात्याची सुरी, तिला ते उलू म्हणतात. धागा कॅरिबूच्याच पाठीच्या कंडरेतून सोललेला. नेटसिलिक आणि आणखी काही इनुइट गटांत असा दंडक होता की गोठलेल्या समुद्रावर मुक्काम हलला की कॅरिबूचं कातडं शिवायचं नाही. जमिनीवरचं जनावर आणि समुद्रातलं जनावर यांची सरमिसळ होऊ द्यायची नाही. हा श्रद्धेचा भाग आहे आणि त्याचा मान ठेवायला हवा. पण त्यातून साधलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. अर्धवट शिवलेला कोट घेऊन कोणी बर्फावर जाऊच शकत नव्हतं. आधी शिवण पुरी, मग शिकार.

ओटावा नदीपलीकडे गॅटिनोला कॅनडाचं इतिहास संग्रहालय आहे. उत्तरेकडचे असे कपडे पाहताना लोकांची नजर पहिल्यांदा हुडाच्या झालरीवर जाते, आणि ती जावी अशीच असते. चेहऱ्याभोवती लांब केसांचा घेर, लांडग्याचा किंवा वूल्व्हरीन या उत्तरेकडच्या केसाळ जनावराचा. समोरून वारा आला की या केसांमुळे तो चेहऱ्याशी सरळ भिडत नाही. गालांपुढे थोडी शांत हवा राहते. लांब-आखूड केस मिसळलेली झालर हे काम चांगलं करते, हे अभ्यासकांनी वाऱ्याच्या बोगद्यात तपासून पाहिलेलं आहे. वूल्व्हरीनच्या केसांचा गुण आणखी वेगळा: श्वासाची वाफ त्यावर गोठली तरी ती घट्ट धरत नाही, हातानं झटकली की निघते. ओठांशी बर्फाचं कडं घेऊन उभं राहायचं नसेल तर झालर याच केसांची हवी.

मी मात्र शिवण बघत बसते. कोटाच्या पाठीला तपकिरी कातडं, पुढे पोटावरच्या पांढऱ्या कातड्याच्या पट्ट्या बसवलेल्या, आणि दोन रंगांच्या मधला सांधा केसांत पूर्ण बुडालेला. कुठे सुरू होतो ते सापडत नाही. घेराची कड किंचित उलटली असेल तिथे कातड्याची आतली बाजू दिसते आणि तिच्यावर टाके, एकाला एक लागून, इतके बारीक की डोळे जवळ न्यावे लागतात. सीलच्या कातड्याचे बूट शिवताना तर सुई कातड्याच्या आरपार जाऊ देत नाहीत. ती जाडीच्या मध्यातच फिरवायची, म्हणजे बाहेरून आतपर्यंत जाणारं भोक राहत नाही. कंडरेचा धागा पाण्यानं फुगतो आणि उरलेली जागाही बुजवतो. इतकं करून शिवणारी बाई घरी असते आणि तिच्या टाक्यांवर विसंबून दुसरं कोणी बर्फावर उभं असतं. एक सांधा उसवला तर वारा आत शिरतो, आणि तिथून परतीची वाट लांब असते.

या बायकांची नावं आपल्याला फारशी ठाऊक नसतात. पण एक आहे, आणि ती विसरू नये. 1921 ते 1924 या काळात इनुइट लोकांचा अभ्यास करणाऱ्या क्नुद रासमुसेन यांची पाचवी थूले मोहीम निघाली होती. तिच्या शेवटच्या टप्प्यात हडसन उपसागराकडून थेट अलास्कापर्यंत कुत्र्यांच्या गाड्यांनी जो प्रवास झाला, त्यात रासमुसेन यांच्याबरोबर ग्रीनलंडची दोन इनुइट माणसं होती. त्यांतली एक आर्नारुलुंग्वाक नावाची तरुण विधवा. वाटेत कपडे शिवणं, दुरुस्त करणं, ते कोरडे राखणं हे तिच्याकडे. रासमुसेन यांचे ग्रंथ आजही अभ्यासक वाचतात. ते लिहिणारा माणूस अलास्कापर्यंत धड पोचला यात तिच्या सुईचा वाटा किती मोठा होता, हे सांगताना मला कसलाही संकोच वाटत नाही.

तिच्याही आधी, 1903 मध्ये, ध्रुवप्रदेशांचे शोधक रोआल्ड अमुंडसेन कॅनडाच्या उत्तरेतल्या किंग विल्यम बेटाशी जहाज लावून दोन हिवाळे राहिले. सर जॉन फ्रँकलिन यांची 1845 ची मोहीम याच बेटाच्या परिसरात संपली होती. 129 माणसांपैकी एकही परतला नाही. त्या मृत्यूंची कारणं अनेक, सगळा दोष कपड्यांवर टाकणं बरोबर नाही. पण अमुंडसेन यांनी नेटसिलिक लोकांकडून कातड्याचे कपडे घेतले, ते त्यांच्यासारखेच सैल घातले, आणि पुढे 14 डिसेंबर 1911 ला दक्षिण ध्रुवावर पोचलेल्या मोहिमेत ती शिकवण बरोबर नेली. त्याच वेळी त्या ध्रुवाकडे निघालेल्या स्कॉट यांची माणसं लोकर आणि गॅबर्डिनचं कापड घालून गेली म्हणून त्यांना अडाणी ठरवणारे लोक भेटतात, ते मला पटत नाही. ती माणसं स्वतः गाड्या ओढत होती. ओझं ओढणाऱ्याच्या अंगात असा केसाळ कोट घामानं भिजला असता. कपडा कामाला शोभायला हवा, एवढंच त्यातून घ्यावं.

मराठी घरांत शिकार म्हटलं की राजेरजवाडे, हाके, भिंतीवरची मुंडकी असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते पर्व संपलं आणि संपायलाच हवं होतं. पण बर्फावर जिथे धान्य उगवत नाही, तिथे सील हेच जेवण, त्याची चरबी हाच दिव्याचा उजेड आणि चुलीचा जाळ. तिथल्या माणसाला आपल्या तराजूत तोलू नये.

आज कॅनडाच्या उत्तरेतल्या नुनावूत प्रदेशातला इनुइट शिकारी बहुधा स्नोमोबाइलवर जातो, अंगात कापडी पार्का, म्हणजे हुडाचा कोट असतो. पण तोही बरेचदा घरीच शिवलेला, हुडाला लांडग्याची किंवा कोल्ह्याची झालर लावलेला. कातड्याचे कोट अजून आहेत. केस गळू नयेत म्हणून ते उन्हाळ्यात थंड जागी, फ्रीजरमध्ये जपून ठेवतात. बॅफिन बेटावर कॅरिबू इतके घटले की 2015 मध्ये तिथली शिकार थांबवावी लागली, आणि नंतर ठरावीक संख्येपुरतीच परवानगी मिळू लागली. कातडं मिळालं नाही की शिवणं होत नाही, आणि आईच्या शेजारी बसून शिकणाऱ्या मुलीच्या हातात सुई द्यायचं निमित्तही उरत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. नमुना संग्रहालयात राहील. कातडं कुठे ताणायचं आणि कुठे सोडायचं हे मात्र हातालाच ठाऊक असतं.

कधी कॅनडात आलात तर हे कोट जरूर बघा. शेजारच्या पाटीवर कोट कुठला आणि कुठल्या वर्षी मिळाला ते लिहिलेलं असेल. शिवणारीचं नाव नसेल, तर तिथल्या माणसाला ते विचारा.