पाळी कोणाची, आणि वेग किती?



कालव्याच्या पाण्यास शेजपाळी असते, हें शेतकऱ्यांच्या मुलांस सांगावयास नको. पाणी थोडें व शेतें पुष्कळ. म्हणून ज्याची पाळी त्यानेंच तें घ्यावें. संगणकाच्या पोटांतही अशीच पाळी अहोरात्र चालू असते. प्रोसेसरपुढें एकाच वेळीं अनेक कामें उभीं राहतात. त्यांतील कोणतें केव्हां घ्यावें व किती वेळ चालूं द्यावें, हें ठरविणाऱ्या भागास शेड्यूलर म्हणतात. लिनक्स प्रणालींत इंगो मोल्नार यांनीं लिहिलेला शेड्यूलर २००७ सालीं आला. कोणत्या कामास किती वाटा मिळाला याचा हिशेब ठेवून, ज्यास कमी मिळाला त्यास तो पुढें घेई. २०२३ सालीं त्याची जागा घेणारी नवी रीत वाट्याबरोबर प्रत्येकाची मुदतही पाहते.

हें सर्व पुस्तकी वाटेल. परंतु त्याचा प्रत्यय मला दुसरबीड येथें, आमच्या संगणकवर्गांत आला. तेथें एकाच जुन्या यंत्रास चार पडदे व चार कळफलक जोडलेले आहेत. वीज गेली म्हणजे सर्वांचा भार एका बॅटरीवर पडतो, म्हणून अशा वेळीं यंत्र सर्वांत मंद गतीवर ठेवण्याची वहिवाट होती. पावसाळ्यांतील एका सायंकाळीं वीज गेली, तेव्हां दोन मुलें कामांत होतीं. मुलानें लोणार सरोवरावर एक चित्रफीत केली होती, व यंत्र तिचे तुकडे जुळवीत होतें. मुलगी वक्तृत्वस्पर्धेचें भाषण टंकित करीत होती. दोघांसही आपलें काम दुसऱ्या दिवशीं हवें होतें.

मुलगी म्हणाली, “सर, कळ दाबल्यावर अक्षर फार उशिरानें उमटतें.” मुलगा लगेच म्हणाला, “सर, माझें काम मात्र थांबवूं नका.” बॅटरी तर उतरत चालली होती.

लिनक्समध्यें प्रत्येक कामास ‘नाइस’ नांवाचा अंक देतां येतो. तो उणे २० पासून १९ पर्यंत असतो. अंक जितका मोठा, तितकें तें काम इतरांस अधिक वाट देतें. ० अंकाचें व १० अंकाचें काम एकाच प्रोसेसरसाठीं झगडूं लागलें, तर वाटे सुमारें ९ास १ असे पडतात. मीं चित्रफितीस १० अंक दिला. तिचें फारच नुकसान होईल असें मुलास वाटलें. पण तसें झालें नाहीं. टंकन करणारी व्यक्ति दोन कळांच्या मध्यें यंत्राजवळ जवळजवळ कांहींच मागत नाहीं. तो सारा रिकामा वेळ चित्रफितीसच मिळतो. वाट पाहणाऱ्याच्या लहान कामास पुढें जाऊं दिल्यानें मोठ्या कामाचें फारसें बिघडत नाहीं.

आतां विजेची गोष्ट. प्रोसेसरच्या चालत्या भागास लागणारी शक्ति वेगाच्या, व विद्युद्दाबाच्या वर्गाच्या, प्रमाणांत वाढते. नुसता वेग निम्मा केला तर काम दुप्पट वेळ चालेल व बचत कांहींच होणार नाहीं. वेगाबरोबर दाबही १०० वरून ८० वर आला, तर मात्र तेंच काम सुमारें ६४ टक्के ऊर्जेंत होतें. तथापि पडदे व इतर भाग तितका वेळ वीज खातच राहतात. म्हणून सर्वांत मंद तें सर्वांत स्वस्त, असा नियम नव्हे.

जुन्या यंत्रांवर वेग गरजेप्रमाणें चढविणारी ‘ऑनडिमांड’ नांवाची व्यवस्था मिळते. तिच्यांत अशी एक सोय आहे कीं, नाइस अंक वाढविलेल्या कामाकरितां वेग चढवूं नये. ती मीं चालू केली. मुलीनें कळ दाबली व काम अडूं लागलें कीं यंत्र जलद होई. एरव्हीं चित्रफीत मंद गतीनें चाले. पडदे मुलीसाठीं लागलेलेच होते, तेव्हां त्या मंदपणाचा पडद्यांवर वेगळा खर्च नव्हता.

भाषण पुरें झालें, तेव्हां चित्रफीत अर्ध्यावर होती. रात्रीं वीज आल्यावर तें बंधन काढलें. यंत्र पूर्ण वेगानें चालूं लागलें, आणि ती तयार होईपर्यंत मुलगा माझ्याशेजारीं बसून राहिला.

वीज नसतांना जो नियम योग्य, तो वीज आल्यावर योग्य राहत नाहीं; म्हणून असे अंक एकदां लावून विसरावयाचे नसतात. शिवाय यंत्रांतील काम मागें ठेविलें असतां तें कारण विचारीत नाहीं, मनुष्य विचारतो. त्या रात्रीं मीं मुलास हा सर्व हिशेब कागदावर मांडून दाखविला. तो म्हणाला, “आधीं सांगितलें असतें, तर मींच तिला पाळी दिली असती.” ज्यास थांबावयास सांगावें, त्यास तें कां हें कळविणें, हा हिशेब कोणताही शेड्यूलर आपल्याकरितां करीत नाहीं.