बिनकाठाचा टीव्ही

साडी घेताना काठ पाहावा आणि टीव्ही घेताना काठ नाही ना, ते पाहावं, असा आमच्या घरातला नवा नियम आहे. नियम ही करते. मी फक्त पैसे भरतो. दसऱ्याला भिंतीवरचा टीव्ही घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदार म्हणाला, "पाहा साहेब, काठ दिसते का कुठं?" मी चष्मा पुसून पाहिलं. दिसत नव्हता. ज्या वस्तूत एक गोष्ट कमी, तिचे पैसे जास्त कसे, हा प्रश्न बी.कॉम. माणसाला पडायला हवा होता. पण ही शेजारीच उभी होती.

काठाची किंमत घरी आल्यावर कळली. माझ्या लहानपणी आमच्याकडे लाकडी पेटीतला, शटरचा टीव्ही होता. १९८७ साली रविवारी सकाळी 'रामायण' लागलं, की आई त्या चौकटीला हळदकुंकू वाहायची. पुढं रंगीत टीव्ही आला. त्याच्या काळ्या काठावर हिची टिकली, गॅसचा नंबर आणि दूधवाल्याच्या खाड्यांचा हिशेब सुखानं नांदत होते. नव्या टीव्हीवर हिनं सवयीनं टिकली लावली, ती बातम्या सांगणाऱ्या गृहस्थांच्या खांद्यावर बसली.

दिवाळीच्या साफसफाईत मी टीव्हीची खालची कड ओल्या फडक्यानं, पाणी निथळेपर्यंत पुसली. कामात हयगय करणं माझ्या स्वभावात नाही. संध्याकाळी पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ उमटली. मेकॅनिक आला, त्यानं मान हलवली आणि सांगितलेल्या खर्चात नवा टीव्ही आला असता.

भाऊबीजेला वाशीमहून ताई आली, सोबत भाची. भाची बंगळूरला एका कंपनीत आहे. पडद्याच्या काठातून तारा कशा न्यायच्या, याचे नकाशे ती काढते. ताईची अडचण अशी, की स्थळ पाहायला आलेले लोक विचारतात, मुलगी काय करते? ताई सांगते, काठ बारीक करते. एका बाईंनी लगेच विचारलं, "ब्लाउजही शिवते का?"

ताईनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "अरे, तू तिले समजाव. बँकेची परीक्षा दे म्हना. तुह्यासारखी टेबलावर बसली म्हंजे मले घोर नाही."

माझं उदाहरण कुणी आदर्श म्हणून दिल्याची ही पहिलीच वेळ. मी छाती काढून बैठकीत गेलो. भाची हिरव्या रेघेकडे पाहत होती.

"मामाजी, खालून पाणी गेलं."

"तुला कसं कळलं?"

"सगळ्या उभ्या तारा तिथंच गोळा होतात नं."

मग तिनं सांगितलं. या पडद्यावर १०८० आडव्या ओळी. एका ओळीत १९२० ठिपके, प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन भाग. म्हणजे उभ्या तारा झाल्या ५७६०. पूर्वी आडव्या ओळींच्याही तारा बाजूच्या काठातून न्याव्या लागत, म्हणून काठ रुंद. आता ओळी चालू करणारं यंत्र कडेला काचेवरच घडवतात. एक ओळ झाली, की ती पुढच्या ओळीला खो देते. सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे जवळजवळ ६५ हजार खो. मी मनात हिशेब केला. तेवढ्या वेळात मी पासबुक उघडतोसुद्धा नाही.

"आणि उभ्या तारा?"

"त्या चिपपासून पंख्यासारख्या पसरतात. मधली तार सरळ, आखूड. कडेची तिरपी, लांब. लांब तारेतून संदेश दुबळा होऊन पोचतो. म्हणून मधल्या तारेला मी मुद्दाम वळणं घालते. सगळ्यांना अडथळा सारखाच."

पातूरच्या घाटातली वळणं काढायला लोक डोंगर फोडतात आणि ही पोरगी मुद्दाम वळणं घालते! का, तर कडेच्यावर अन्याय होऊ नये म्हणून. मी गप्प झालो. आमच्या शाखेत नेमकं उलट आहे. साहेबांच्या केबिनजवळचा माणूस सरळ आत जातो आणि आलेगावहून पेन्शनला आलेली म्हातारी चार टेबलांची वळणं घेते.

टेबलं तरी चार कुठली? पूर्वी आमच्याकडे चार खिडक्या होत्या, आता दोन आहेत. आमचाही काठ बारीक झाला. फरक एवढाच, की भाची काठ कमी करण्याआधी त्यातल्या एकेका तारेला जागा शोधून देते. आमचा काठ कापला, तेव्हा तारांचं काय करायचं, हे कुणी विचारलंच नाही. त्या सगळ्या माझ्या टेबलावर येऊन पडल्या.

"मामाजी, तुम्हाला काही सांगायचं होतं म्हणे?"

"हो. चहा घेतेस का?"

रात्री ताईनं विचारलं, "समजावलं का तिले?"

"समजावलं. तिनं मला."

ताईला आता मी एक वाक्य पाठ करून दिलं आहे. मुलगी काय करते, असं कुणी विचारलं तर सांगायचं, "चित्र सगळ्यांले दिसते, ते ज्याच्यावर उभं असते, ते तिच्या हातचं असते." हे ऐकून जो पुढचा प्रश्न विचारील, तोच जावई.

टीव्ही अजून तसाच आहे. हिरवी रेघही आहे. ही मात्र खूष आहे. रोज रात्री त्या रेघेवर नेमकी टिकली लावते आणि म्हणते, "चला, काठ झाला एकदाचा. रंगही बरा आहे."

मी तो हिशेबात धरलेला नाही.