रोजचे चव्वेचाळीस

पृथ्वीप्रदक्षिणा म्हटली की छातीत धडकी भरते. पण हिशेब पाहा. मुंबईचे सहा पारशी तरुण १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सायकलींवर निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर तुडवून १८ मार्च १९२८ रोजी परतले. मुक्कामाचे दिवस धरून भागाकार केला, तर रोजचे पडतात अवघे चव्वेचाळीस! पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये १५९ दिवसांत २९,००० किलोमीटर कापले. त्या वेगाला नवशिक्याने लांबूनच नमस्कार करावा.

चारकोपला राहणाऱ्या माझ्या भाचीने सायकलने परदेशी जायचा हट्ट धरला, तेव्हा ताईच्या डोळ्यांत पाणी आले. "एकटी पोर, वाटेत चाक फुटले तर?" प्रश्न रास्त होता. म्हणून तालीम घरापासूनच सुरू केली. चारकोपहून मार्वे, तिथे होडीत सायकल चढवून मनोरी, पुढे गोराई, उत्तन, भाईंदर आणि दहिसरवरून घर. आधी रिकाम्या सायकलने, मग कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना सारखे ओझे बांधून. पंक्चर तिचे तिनेच काढायचे. शिवाय फेरी सलग दोन दिवस करायची. अंगाची खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी होते.

पहिला परदेश मात्र नेपाळच बरा. आपल्याला व्हिसा लागत नाही. गोरखपूरपर्यंत आगगाडी, सुनौलीला सीमा आणि पुढे लुंबिनीपर्यंत सपाट तराई. घाट चढायची घाई नको. डोंगर कुठे पळून जात नाहीत.