दर्याकाठी दोघं

आपल्या लोकांचा प्रवास म्हणजे गर्दी. 6 डिसेंबरला दादर, 1 जानेवारीला कोरेगाव, 20 मार्चला महाड, दसऱ्याला नागपूर. पोर काखेला मारायचं, भाकरी-चटणी फडक्यात बांधायची, उभ्यानं जायचं नि उभ्यानं यायचं. हा प्रवास मी 50 वर्षं केला, पुढंही करीन. त्याची तक्रार नाही. पण पोरांनो, एक विचारते. आपल्या वस्तीतलं एखादं जोडपं, दोघंच, ना लग्नाला, ना मयताला, ना मोर्चाला, नुसतं दर्याकाठी बसायला गेलेलं तुम्ही बघितलंय का? मी आठवून बघितलं. माझे आईबाप नाहीत, सासूसासरे नाहीत. आमच्या चाळीतलं एकही जोडपं नाही.

2023 च्या फेब्रुवारीत आम्ही दोघं गेलो. आठ दिवस. रेवसपासून खाली दापोलीपर्यंत, किनाऱ्याकिनाऱ्यानं, एस.टी.नं नि होडीनं. निघायच्या आदल्या दिवशी शाखेतला एक पोरगा म्हणाला, "काय ताई, म्हातारपणी हनिमून का?" दुसरा त्याच्यापेक्षा शहाणा. तो म्हणाला, "चळवळ एवढी अडचणीत नि तुम्ही फिरायला निघालात?" पहिल्याला मी हसून सोडलं. दुसऱ्यासाठी हे लिहितेय.

मी म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात नर्स होते. नवरा गोदीत होता. लग्न 1981 चं. त्याची पाळी, माझी पाळी, त्याच्या मीटिंगा, नामांतराचे मोर्चे, पोरांच्या शाळा. एका घरात राहून आम्ही एकमेकांना दारात भेटायचो. एक आत यायचा, दुसरा बाहेर पडायचा. 42 वर्षं हे चाललं. गोदीत त्यानं उभा जन्म काढला, पण दर्या बघितलाय का विचारलं तर म्हणतो, "पाण्याकडं बघायला सवड कुठं होती? क्रेनकडं बघायचं. डोक्यावरचं ओझं खाली आलं की मेलास."

आमच्यातली कोकणची माणसं मुंबईत आली ती पुष्कळशी बोटीनंच. गिरणीत, गोदीत, पलटणीत. धर्मशास्त्रात समुद्र ओलांडायला बंदी होती म्हणे. जात जाते. आमच्याकडं जाण्यासारखं होतं काय? चढले बोटीत. 17 जुलै 1947 ला 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली नि वाटेतच बुडाली. सहाशेवर माणसं गेली. माझी आजी तेव्हापासून बोटीचं नाव काढलं की तोंडाला पदर लावायची. आम्ही त्याच धक्क्यावरून रेवसची लाँच धरली. नवरा कठड्याला धरून उभा होता. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "अगं, पाणी हिरवं असतं."

आमचा कार्यक्रम काही नव्हता. कार्यक्रम भरती-ओहोटीनं ठरवला. अलिबागला गेलो तर कुलाबा किल्ला पाण्यात. लोकांनी सांगितलं, थांबा, ओहोटी लागली की चालत जाता येतं. कोळी सुकती म्हणतात. थांबलो. दोन-अडीच तास वाळूवर बसून होतो. पहिल्या अर्ध्या तासात माझा हात चारदा पिशवीत गेला. काहीतरी निवडायला, शिवायला पाहिजे असं वाटत होतं. पाणी हळूहळू मागं सरलं, वाळू उघडी पडली, आम्ही पायताणं हातात घेऊन किल्ल्यात गेलो. दुसऱ्या दिवशी ओहोटीची वेळ पाऊण-एक तासानं पुढं गेलेली. दर्याला पंचिंग मशीन नाही. त्याची पाळी रोज सरकते नि कुणी मेमो देत नाही.

याच अलिबाग तालुक्यात चरीला शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप केला. 1933 ला सुरू झाला, सहा वर्षं चालला. कुळांनी जमिनी ओसाड ठेवल्या, उपास काढले, पण खोताची जमीन कसली नाही. बाबासाहेब या संपाच्या पाठीशी उभे राहिले आणि 1937 च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं. कायदा व्हायला 1949 उजाडलं. हे पुस्तकात वाचलं होतं. एस.टी.च्या खिडकीतून नारळी-पोफळीच्या बागा बघताना ते डोळ्यापुढं आलं. बाग कुणाची, झाडावर चढतो कोण, खाली पडलेला नारळ उचलून कुणाच्या ओट्यावर ठेवायचा. आता त्या बागांतून पर्यटकांच्या खोल्या निघाल्यात. बऱ्याच ठिकाणी बागायत ज्याची, खोल्याही त्याच्याच. आमच्या वाडीतल्या बाया तिथं चादरी धुतात.

मुरूडला पोचलो. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीनं जंजिरा. वाऱ्यानं शीड फुगलं की होडी एका अंगावर कलते, नवरा माझा दंड धरतो. 42 वर्षांत त्यानं चारचौघांत माझा दंड धरला नव्हता. जंजिरा सिद्दींचा. आफ्रिकेतून आलेली हबशी माणसं. कुणी गुलाम म्हणून विकून आणलेली, कुणी खलाशी, कुणी शिपाई. त्यांनी या खडकावर राज्य केलं. किल्ला कुणाला जिंकता आला नाही. 1948 ला संस्थान विलीन झालं तेव्हाच सिद्दींची सत्ता संपली. बरोबरचे लोक कलालबांगडी तोफेपाशी फोटो काढत होते. मी आतल्या तळ्यापाशी बसले. चारी बाजूंनी खारट दर्या आणि मधे गोड्या पाण्याची दोन तळी! बघून जीव निवला. आणि लगेच डोक्यात आलं, इथं पाणी कोण भरत असेल? कुणाला वरून ओंजळीत ओतत असतील? गुलामाच्या पोटचा माणूस राजा झाला, त्यानं गावकुसाबाहेरची माणसं पाण्यापर्यंत येऊ दिली का? नवऱ्याला बोलले. तो म्हणाला, "आज तरी नुसतं पाणी बघ की." मी म्हटलं, "बघतेच आहे. डोळ्याबरोबर डोकं पण आलंय, त्याला काय करू?"

पुढं आगरदांड्याहून जेटीनं दिघी, तिथून दिवेआगर, श्रीवर्धन. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ याच टापूत किनाऱ्याला धडकलं. सुरूची, पोफळीची झाडं काडीसारखी मोडली. पोफळीला फळ धरायला वर्षं लागतात. अजून बागांत भोकं दिसत होती. एक म्हातारा नवी रोपं दाखवून म्हणाला, "ही माझ्यासाठी नाहीत."

याच पट्ट्यात एका गावात खोली मागायला गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर ते एक गाव बदनाम होईल नि बाकीची सुटतील. ओटा सारवलेला, पुढं तुळस, आत तीन खोल्या रिकाम्या. बाई गोड बोलल्या. "कुठून आलात? मूळ गाव कुठलं? आडनाव?" मी आडनाव सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, मला तशी सवय आहे. "मंडणगडकडचे ना? कुठल्या वाडीतले?" मी वाडी पण सांगितली. बाईंचा चेहरा बदलला नाही हे विशेष. त्या आत गेल्या, बाहेर आल्या, म्हणाल्या, "अहो, आत्ताच फोन आला, तिन्ही खोल्या गेल्या बघा." फोन वाजलेला आम्ही ऐकला नव्हता.

नवऱ्याच्या कपाळावरची शीर उठली. तो भांडायला तयार. भांडणात त्याला कुणी हरवलेलं नाही. मी पण तयार झाले. मी त्या बाईंना एवढंच म्हटलं, "फोन कुठल्या वाडीतून आला?" बाई गप. आम्ही पिशव्या उचलल्या. रस्त्यावर नवरा म्हणाला, "अर्ज करू. सोडायचं नाही." मी म्हटलं, "करू. मुंबईला गेल्यावर करू. हे आठ दिवस मी त्या बाईला देणार नाही." अर्ज केलाय. त्याचं काय होतं ते होईल. पण त्या संध्याकाळी आम्ही वाळूवर बसून सूर्य बुडेपर्यंत भेळ खाल्ली, हेही झालं. दोन्ही लिहून ठेवायला पाहिजे.

रात्री एका कोळीणमावशीच्या घरी जागा मिळाली. तिनं आडनाव नाही विचारलं. विचारलं, "मासली खाता ना?" पहाटे पाचला सवयीनं माझे डोळे उघडले. चूल दुसऱ्याची. उठून भाकऱ्या थापायला गेले तर मावशी वस्सकन अंगावर आली, "बस गो तू. पैसं दिलंस नं?" बसले. तांदळाची भाकरी, बांगड्याचं कालवण, सोलकढी. दुसऱ्या बाईच्या हातचं, बसून, गरम. नवऱ्यानं आपलं ताट स्वतः धुतलं, माझंही धुतलं. मावशी बघतच राहिली. घरी तो हे करत नाही. आता करतो.

हरिहरेश्वराजवळ बागमांडल्याहून वेसवीला जेटी जाते. गाड्या, म्हशी, माणसं एकत्र. खाली सावित्रीचं पाणी. ही नदी महाबळेश्वरात उगवते, पोलादपूर-महाडवरून येते नि इथं बाणकोटला दर्याला मिळते. मी जेटीच्या कडेला उभी राहून वरच्या अंगाला बघत होते. तिकडं आत महाड. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तळं बाटलं म्हणून लोकांनी शेण-गोमूत्राचे घडे ओतून ते शुद्ध करून घेतलं. आणि ही सावित्री साऱ्या मुलखाचं धुणं, राख, मळी घेऊन दर्यात जाते. दर्या बाटला असं कुणी म्हणत नाही. त्याच्यात घडे तरी किती ओतणार?

पलीकडं मंडणगड तालुका. आंबडवे बाबासाहेबांचं मूळ गाव. तिथं गेलो, डोकं टेकलं. तिथून केळशी, आंजर्ले करत हर्णैला. चार दिवसांत जेवढं अंतर कापलं ते गाडीवाला अर्ध्या दिवसात कापेल. आम्हाला पोचायची घाई नव्हती. हर्णैला संध्याकाळी वाळूवर मासळीचा लिलाव बसतो. होड्या लागतात, टोपल्या उतरतात, बोली चढते. बायांचा आवाज असा की आपल्या सभेतल्या वक्त्यांनी शिकवणी लावावी. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. 1755 साली इंग्रज आरमारानं तो आंग्र्यांकडून घेतला, तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. 2025 च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात हाही आहे. होडी 15-20 मिनिटांत नेते. आत रान माजलंय, माणूस नाही. आम्ही दोघंच तटावर. तिथं नवरा बोलायला लागला. गोदीत त्याच्या शेजारी चेंगरून मेलेल्या जोडीदाराबद्दल. हे मला 40 वर्षांत माहीत नव्हतं. घरात सांगायला वेळ नव्हता, नि मोर्चात सांगायची ती गोष्ट नव्हती.

शेवटी वणंद. दापोलीजवळचं गाव, रमाईचं माहेर. तिचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरातून माशांच्या टोपल्या डोक्यावरून बाजारात न्यायचे. ती लहान असतानाच आईबाप गेले. तिचं लग्न लागलं भायखळ्याच्या मासळी बाजारात, रात्री बाजार उठल्यावर. पाच लेकरं झाली, चार दगावली. नवरा परदेशात शिकत असताना तिनं गोवऱ्या थापल्या. 27 मे 1935 ला गेली. दर्याकाठची पोर ती. पण तिला नि बाबासाहेबांना दोघांनाच, काही न करता, या वाळूवर बसायला आठ दिवस मिळाले असते तर? स्मारकापुढं उभी राहून मी हेच मनात म्हणत होते. मला रडू आलं. नवऱ्यालाही आलं.

आता त्या शहाण्या पोराचं उत्तर. बाबा, तू कायदा वाचतोस ना? 1942 ते 1946 बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. त्याच काळात, 1945 ला, कारखान्याच्या कायद्यात पगारी रजा आली आणि 1946 ला आठवड्याचे 54 तास होते ते 48 झाले. हा माणूस स्वतः रात्र-रात्र जागला. पण मजुरानं जागावं असं त्यानं कायद्यात लिहिलं नाही. रजा लिहिली. पगारासकट लिहिली. ती रजा आम्ही 42 वर्षं मीटिंगांना, आजारपणाला, मयतांना वापरली. आठ दिवस दर्याला वापरले तर चळवळीचं काय बुडालं?

तुमच्यातल्या किती जणांच्या बायकांना तुमच्या भाषणातला नवरा माहीत आहे नि घरातला माहीत नाही, ते मी नर्स म्हणून जवळून बघितलंय. पैसा नाही म्हणाल. एस.टी. आहे, लाँच आहे, कोळीणमावशी आहेत. आमचा सगळा खर्च वस्तीतल्या एका बारशाएवढा आला. पुढच्या सुट्टीत दोघं जा. खोली नाकारली तर वाडीसकट आडनाव सांगून या, अर्जही टाका. आणि मग वाळूवर बसा. ओहोटी लागेपर्यंत उठू नका.