मागून आणलेल्या वस्तूचें मोल

प्रदर्शनांत मांडलेल्या वस्तूंचे दोन प्रकार असतात. एक, मूळ वस्तु कशी असते हें दाखविण्यासाठीं केलेली प्रतिकृति. आणि दुसरी, स्वतः कामास जाऊन आलेली खरी वस्तु. या दोहोंतील अंतर मला पुस्तकांतून कळलें नाहीं. तें आमच्या शाळेच्या एका प्रदर्शनांत, माझ्या वडिलांच्या जुन्या होक्यामुळें कळलें. आणि तें पुरतें कळण्यास माझ्या हातून एक अपराधहि घडावा लागला. तो कोठें तरी कबूल करावा असें पुष्कळ वर्षें मनांत होतें. शाळेच्या वार्षिकांत माजी विद्यार्थ्यांस लिहिण्याची संधि मिळाली आहे, तिचा मी तसा उपयोग करीत आहें.

१९८४ सालच्या एप्रिल महिन्याच्या ३ तारखेस राकेश शर्मा हे सोयुझ टी-११ या सोव्हिएट यानांतून अंतराळांत गेले आणि ११ तारखेस सोयुझ टी-१० या यानांतून पृथ्वीवर परतले. त्या वर्षीं आमच्या विज्ञान-प्रदर्शनांत सोयुझ यान नसतें तरच नवल! पत्र्याचें पिंप, पुठ्ठा आणि चंदेरी कागद यांचें आम्हीं एक यान उभारलें. आमचे विज्ञानाचे गुरुजी म्हणाले, “आकाशांत असो वा समुद्रांत, दिशा कळल्यावांचून प्रवास नाहीं. यानाशेजारीं एखादा खरा होका मिळाला तर पाहा.” माझे वडील अलिबागजवळच्या एका कोळीवाड्यांत मचव्यावर तांडेल होते. त्यांनीं नुकताच नवा होका घेतला होता व जुना घरीं खुंटीस टांगलेला होता. मीं मागतांच त्यांनीं तो पुसला, धुवट कापडांत गुंडाळला आणि माझ्या हातीं दिला. “परत आणशील ना रे?” एवढेंच ते म्हणाले.

प्रदर्शनास कोळीवाड्यांतील मंडळीहि आली होती. आमच्या यानाचें त्यांनीं कौतुक केलें. एका वृद्ध गृहस्थांनीं मात्र विचारलें, “पोरांनो, हें वर जाऊन आलेलें आहे काय?” आम्हीं नाहीं म्हटल्यावर ते किंचित् हंसले आणि होक्याकडे वळले. त्यांनीं तो तत्काळ ओळखला. पितळेस पडलेला पोंचा कोणत्या वादळाच्या रात्रीं पडला, त्या रात्रीं मचव्यावर कोण कोण होते, किनाऱ्याचा दिवा दिसेपर्यंत याच तबकडीवर डोळे ठेवून सुकाणूं कसें धरलें होतें, हें सर्व ते मुलांस सांगूं लागले. पाहतां पाहतां त्या टेबलाभोंवतीं गर्दी जमली आणि आमचें चंदेरी यान एकटें पडलें. त्या वेळीं मला थोडें वाईटच वाटलें. कारण यान आम्हीं आठ दिवस खपून केलें होतें, आणि होका नुसता मागून आणलेला होता.

प्रदर्शन संपलें. होका घरीं पोंचविण्याचें काम माझें होतें. आज नेऊं, उद्यां नेऊं, असें म्हणतां म्हणतां तो वर्गाच्या खिडकींत राहिला. पुढें पावसाळा लागला. जेव्हां मला त्याची आठवण झाली तेव्हां पेटीच्या तळाशीं पाणी साचलें होतें, आंतील द्रव झिरपून गेला होता आणि तबकडी जागच्या जागीं अडकून बसली होती. मीं तो तसाच वडिलांपुढें नेऊन ठेवला. त्यांनीं तो हलवून पाहिला, कानाशीं धरला आणि कांहीं एक न बोलतां पुन्हां खुंटीस टांगला. त्यांनीं मला दोन शब्द सुनावले असते तर माझें मन हलकें झालें असतें.

पुढें मी शिक्षक झालों. एकदां दिल्लीस गेलों असतां तीन मूर्ति भवनाच्या आवारांतील नेहरू तारालयांत राकेश शर्मा ज्यांत बसून परत आले तो सोयुझ टी-१० चा भाग पाहावयास मिळाला. शाळेंत केलेलें तें चंदेरी यान मला आठवलें. खरें यान चंदेरी मुळींच नव्हतें! वातावरणांतून खालीं येतांना लागलेल्या धगीनें त्याचें अंग करपून काळवंडलें होतें, आणि तीन माणसें त्यांत कशीं मावलीं असतील याचें आश्चर्य वाटत होतें. माझ्या शेजारीं एक लहान मुलगी वडिलांचा हात धरून उभी होती. तिनें विचारलें, “हें खरोखर वर जाऊन आलें?” वडिलांनीं होकार दिला, तशी ती बराच वेळ तेथून हलेना. कोळीवाड्यांतील त्या वृद्धांचा प्रश्न मीं त्या दिवशीं दुसऱ्यांदा ऐकला.

अशा खऱ्या वस्तु दुर्मिळ असण्यास कारण आहे. अंतराळांत गेलेलीं बहुतेक यानें परत येतच नाहींत. आपला ‘आर्यभट’ १९७५ सालीं वर गेला आणि १९९२ सालीं वातावरणांत शिरून नष्ट झाला. म्हणून लोकांस दाखविण्याजोगें जें उरतें तें मुख्यतः दोन प्रकारचें. एक, माणसांस घेऊन परत आलेलीं यानें. आणि दुसरें, उड्डाणापूर्वीं कंप, उष्णता व निर्वात यांच्या कसोटीस लावलेले, परंतु प्रत्यक्ष न उडालेले जोड-नमुने. यांतील पुष्कळ वस्तु एका संस्थेच्या मालकीच्या असून दुसऱ्या संस्थेंत उसन्या ठेवलेल्या असतात. १९६९ सालीं चंद्राभोंवतीं फिरून आलेलें अपोलो १० चें यान अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचें. पण तें लंडनच्या सायन्स म्यूझियममध्यें उसनें म्हणून ठेवण्यांत आलें. २०११ सालीं अमेरिकेचीं शटल यानें निवृत्त झालीं, त्या सुमारास त्यांच्या अंगावरील उष्णतारोधक फरशा तेथील शाळांना केवळ पाठवणीच्या खर्चांत देऊं केल्या होत्या. ही फरशी वाळूपासून काढलेल्या सिलिकाच्या तंतूंची. तिचा बहुतेक भाग नुसती हवा. म्हणून ती हातांत घेतां अगदीं हलकी लागते. चंद्रावरील माती व खडक यांचे कण पारदर्शक चकतींत बसवून तेथील शिक्षकांस उसने देण्याचीहि प्रथा आहे. मात्र शिक्षकानें आधीं त्याचें शिक्षण घेतलें पाहिजे आणि चकती कुलुपांत ठेविली पाहिजे.

आपल्या देशाच्या अंतराळविद्येचा आरंभच मुळीं अशा देवघेवींतून झाला. केरळच्या किनाऱ्यावरील थुंबा हें मासेमारी करणाऱ्यांचें गांव. पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्यामुळें डॉ. विक्रम साराभाई यांनीं तें निवडलें. तेथें सेंट मेरी मॅग्डलीन हिच्या नांवाचें देवालय होतें. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनीं आपल्या लोकांस विचारलें आणि लोकांनीं तें देवालय विज्ञानाच्या कार्यास दिलें. १९६३ च्या नोव्हेंबरच्या २१ तारखेस तेथून जो पहिला अग्निबाण उडाला तो अमेरिकेहून आलेला होता आणि त्यांतील प्रयोगाचें साहित्य फ्रान्सचें होतें. आज त्याच देवालयाच्या इमारतींत अंतराळविद्येचें संग्रहालय आहे. आपल्यासारख्याच किनाऱ्यावरील, आपल्यासारखींच जाळीं ओढणाऱ्या माणसांनीं आपली प्रार्थनेची जागा दिली, हें मी मुलांस नेहमीं सांगतों. देणाऱ्याचें मन एवढें मोठें असतां घेणाऱ्याचें कर्तव्य लहान कसें असेल?

मीं शिकवितों त्या शाळेंतील मुलांनीं गेल्या वर्षीं हट्ट धरला कीं, आपणहि एखाद्या संस्थेस पत्र लिहून यानाचा निवृत्त झालेला एखादा खरा भाग मागवावा. कल्पना मला आवडली. परंतु उसनी वस्तु कोणत्या अटींवर मिळते तें आम्हीं प्रथम वाचून काढलें. वस्तु येतांना व जातांना तिची स्थिति लेखी नोंदवावयाची. तीस भोंक पाडावयाचें नाहीं, रंग द्यावयाचा नाहीं. नेआणीचा खर्च व विमा मागणाराचा. आणि मुदत संपतांच ती परत करावयाची. शिवाय इंधनाच्या टाक्या व नळ्या यांत विषारी अंश राहिलेला असूं शकतो, म्हणून त्या शुद्ध केल्यावांचून कोणी हातीं देत नाहीं. आमच्या किनाऱ्याची अडचण तर निराळीच. येथील खारा वारा दाराच्या बिजागऱ्या खातो, तो हलक्या ॲल्युमिनियमला सोडील काय? आणि ती सिलिकाची फरशी तर पाणी शोषून घेणारी! प्रत्येक उड्डाणानंतर तिला पाणी न लागण्यासाठीं पुन्हां औषध द्यावें लागत असे. मला वर्गाच्या त्या खिडकीची आठवण झाली.

उपकरण जपणें म्हणजे काय, याचा धडा घेण्यास दूर जावयास नको. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचें ठरलें तेव्हां त्या विजेमुळें नोंदी बिघडतील, हें ओळखून नानाभाई मूस यांनीं १९०४ सालीं अलिबाग येथें नवी वेधशाळा उभारली. तिच्या बांधकामांत लोखंड टाळलेलें आहे. परंतु नवी मिळाली म्हणून जुनी लगेच सोडली नाहीं. दोन वर्षें दोन्हीकडे एकाच वेळीं वेध घेऊन, दोहोंचा मेळ बसवून, मगच कुलाब्याचें काम बंद केलें. म्हणूनच ती नोंद आजहि अखंड वाचतां येते.

मीं मुलांस सांगितलें कीं, पत्र अवश्य लिहूं; पण आधीं एक पावसाळा आपली परीक्षा घेऊं. आम्हीं घट्ट दाराचें एक कपाट केलें, त्यांत ओल शोषणारें साहित्य ठेविलें, एक नोंदवही घातली. आणि त्यांत ठेवण्यास पहिली वस्तु म्हणून मी घरच्या खुंटीवरचा तो होका घेऊन आलों. वडील आज हयात नाहींत. म्हणून नोंदवहींत मालकाच्या रकान्यांत मीं आईचें नांव लिहिलें आणि परत करण्याची तारीखहि घातली. जून ते सप्टेंबर मुलांनीं पाळीपाळीनें रोज कपाट उघडून पाहिलें व सही केली. त्या चार महिन्यांत एकहि दिवस सुटला नाहीं. होक्याची तबकडी अद्यापि अडकलेलीच आहे, ती आतां सुटावयाची नाहीं. परंतु पितळेवर नवा डाग एकहि पडला नाहीं.

ठरल्या दिवशीं दोन विद्यार्थी माझ्याबरोबर घरीं आले आणि त्यांनीं तो आईच्या हातीं दिला. आईनें तो हलवून पाहिला, कानाशीं धरला आणि त्याच खुंटीस टांगला. दुसऱ्या दिवशीं आम्हीं पत्र लिहावयास बसलों.